ऐकू येतं सगळं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डाव्या कानाने वर्षभरापासून कमी ऐकू येतंय, उजवा ठीक आहे, समोरचा बोलतो ते कळतं, पण कोणी हाक मारली की मान भलतीकडेच वळते, घरात मोबाईल वाजला तर सगळ्या खोल्या पालथ्या घालाव्या लागतात, आणि घरचे म्हणतात की वाजलेला ऐकू आला ना मग सापडत कसा नाही, तुझं लक्षच नसतं. मग माणसाला आवाजाची दिशा कळते तरी कशी, आणि मशीन लावलं तर ती परत कळायला लागेल का?

मी ऑडिओलॉजिस्ट आहे आणि एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडून मी ही तक्रार ऐकते, त्यामुळे सगळ्यात आधी हे सांगते की तुमचं म्हणणं खरं आहे आणि लक्ष असण्या-नसण्याशी याचा काही संबंध नाही. आवाज ऐकू येणं हे एक काम आहे आणि तो कुठून आला हे कळणं हे पूर्ण वेगळं काम आहे, पहिल्याला एक चांगला कान पुरतो, दुसऱ्याला दोन्ही लागतात.

का ते बघा. डोळ्यात उजवीकडच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर एका ठरलेल्या जागी पडते, म्हणजे जागा कुठली ही माहिती डोळ्यालाच मिळते. कानात तसली सोयच नाही. आतला शंखासारखा भाग, कॉक्लिया, आवाजाची वाटणी करतो ती फ्रिक्वेन्सीप्रमाणे, बारीक चिरका आवाज एका टोकाला आणि जाड घुमणारा दुसऱ्या टोकाला, पण तो डावीकडून आला की मागून याची नोंद तिथे कुठेच होत नाही. दिशा मेंदू हिशोब करून काढतो, आणि त्या हिशोबाला दोन कानांत पडलेल्या आवाजांतला फरक लागतो.

पहिला फरक वेळेचा. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाशी आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाशी जरा उशिरा. हा उशीर किती, तर आवाज अगदी बाजूने आला तरी मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, त्याहून जास्त होऊच शकत नाही कारण डोकंच तेवढं आहे. आणि आवाज नाकासमोरून फक्त एक अंश बाजूला सरकला तर हा फरक असतो सुमारे 10 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख भागांतला एक, आणि चांगले कान असलेल्या माणसाला तेवढा फरक खरंच कळतो! मज्जापेशीचा एक सिग्नलच मुळी एक मिलिसेकंदाच्या आसपास चालतो, आणि मेंदू त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा फरक मोजतो. एवढी वर्षं या क्षेत्रात आहे तरी मला याचं आश्चर्य वाटायचं थांबलेलं नाही.

दुसरा फरक जोराचा. डोकं आवाजाच्या वाटेत येतं आणि पलीकडच्या कानावर त्याची सावली पडते. पण सगळ्या आवाजांची नाही पडत. 500 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 500 कंपनांच्या, जाड आवाजाची लाट साधारण 70 सेंटिमीटर लांब असते, ती डोक्याला सहज वळसा घालून जाते, पलीकडे जवळपास तेवढ्याच जोराने पोचते. 5000 हर्ट्झची लाट जेमतेम 7 सेंटिमीटरची, ती डोक्यावर अडते, आणि अशा बारीक आवाजांना दोन कानांतला फरक 20 डेसिबलपर्यंत जाऊ शकतो.

म्हणजे मेंदू जाड आवाजांसाठी वेळ बघतो आणि बारीक आवाजांसाठी जोर. ही कल्पना लॉर्ड रेली या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1907 साली मांडली आणि तिचा गाभा आजही टिकून आहे. वेळेचा हिशोब बारीक आवाजांना का चालत नाही, तर 1500 हर्ट्झच्या आसपास लाटेचं एक आवर्तनच डोक्याच्या उशिराएवढं होतं, मग या कानातली लाट त्या कानातल्या नेमक्या कुठल्या लाटेशी जुळवायची हेच ठरवता येत नाही. आणि जोराची सावली तिथे अजून नीट पडायला लागलेली नसते. त्यामुळे मधला जो 2000-3000 हर्ट्झचा पट्टा आहे तिथे एकसुरी आवाज असेल तर भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. आता आठवा की घरातली बीप-बीप करणारी यंत्रं, स्मोक अलार्म, बॅटरी संपत आल्याची ती एकच टिक, यातले बरेचसे आवाज साधारण याच पट्ट्यातले आणि एकसुरी असतात, वर भिंतींवरून आपटून येतात. म्हणजे मोबाईल न सापडण्यात थोडा वाटा रिंगटोनचाही आहे, दोन्ही कान उत्तम असलेली माणसंसुद्धा अशा बीपचा माग काढताना घरभर फिरतात. रातकिडा ऐकू येतो पण सापडत नाही त्यामागेही त्याचा एकसुरी आवाज हे एक कारण आहे.

मेंदूत हा हिशोब अगदी खालच्या मजल्यावर होतो, ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे आवाज कसला आहे हे आपल्याला कळायच्या आधीच. तिथे दोन्ही कानांकडून आलेले सिग्नल पहिल्यांदा एकत्र येतात, काही पेशी वेळेची तुलना करतात, काही जोराची. लॉइड जेफ्रेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 साली एक सुंदर कल्पना मांडली होती की वेगवेगळ्या लांबीच्या मज्जातंतूंमुळे सिग्नलला वेगवेगळा उशीर होत असेल आणि दोन्ही बाजूंचे सिग्नल ज्या पेशीवर एकाच क्षणी पोचतील ती पेशी म्हणजे ती दिशा. गव्हाणी घुबडाच्या मेंदूत जवळपास अशीच रचना सापडली. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत मात्र प्रकार वेगळा दिसतो, तिथे पेशींना दाबून ठेवणाऱ्या सिग्नलचाही मोठा हात आहे आणि त्यावर वाद अजून चालू आहे.

इथपर्यंत झालं डावं-उजवं. पण नाकाच्या बरोबर समोरून आलेला आवाज आणि बरोबर मागून आलेला आवाज, दोन्ही कानांशी एकाच वेळी आणि एकाच जोराने पोचतो, मग पुढे की मागे हे कसं कळतं? वर की खाली? इथे कानाची पाळी कामाला येते. पाळी म्हणजे मी बाहेर दिसणारा सगळा भाग म्हणतेय, ते खड्डे, त्या वळ्या, कड, सगळं. लोकांना वाटतं की ती आवाज गोळा करायला आहे, ते थोडंफार खरं आहे, पण तिचं खरं काम दिशेप्रमाणे आवाजाचा पोत बदलण्याचं. आवाजाचा काही भाग सरळ आत जातो, काही वळ्यांवरून आपटून किंचित उशिराने, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि साधारण 5000 हर्ट्झच्या वर काही फ्रिक्वेन्सी दबतात काही उठतात. कुठल्या दबतील हे आवाज किती वरून किंवा मागून आला त्यावर ठरतं, आणि मेंदूला आपल्या स्वतःच्या कानांचा हा नमुना पाठ असतो.

हे घरी करून बघता येतं. डोळे मिटून खुर्चीत बसा आणि घरातल्या कोणालातरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तुमच्या बरोबर मध्यरेषेवर, कधी कपाळासमोर, कधी डोक्यावर, कधी मानेमागे एकेकदा खुळखुळवायला सांगा, हातभर अंतरावरून, न बोलता आणि पावलं न वाजवता. तुम्ही मान अजिबात न हलवता बोटाने जागा दाखवायची. (तुमचा डावा कान कमी आहे म्हणून हे आधी दोन्ही कान चांगले असलेल्या माणसावर करा, मग तुमच्यावर.) किल्ल्यांच्या आवाजात बारीक फ्रिक्वेन्सी भरपूर असतात त्यामुळे चांगल्या कानांची माणसं बहुतेक वेळा बरोबर दाखवतात. आता त्याच माणसाला दोन्ही पाळ्या बोटांनी पुढे दुमडून धरायला सांगा, भोक उघडंच ठेवायचं, आणि परत करा. ऐकू तितकंच येतं पण पुढचं मागे आणि वरचं खाली व्हायला लागतं. मग पाळ्या सोडून एका कानात बोट घट्ट घाला, बाजूने आलेला आवाजसुद्धा उघड्या कानाकडे ओढला गेल्यासारखा वाटेल. तुमच्या बाबतीत दिवसभर हेच चाललेलं असतं, घरच्यांना मुद्दाम हे करून बघायला सांगा, समजावून सांगण्यापेक्षा दोन मिनिटांचा हा खेळ जास्त काम करतो.

पाळीचा हा नमुना जन्मजात ठरलेला नसतो, शिकलेला असतो, आणि आपल्या विषयात ही फार मोठी आशेची गोष्ट आहे. 1998 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही मोठ्या माणसांच्या पाळ्यांमध्ये साचे बसवून त्यांचा आकार बदलला. वर-खालीचा अंदाज लगेच पार कोलमडला, डावं-उजवं मात्र शाबूत राहिलं. ते साचे घालूनच ही माणसं रोजचं आयुष्य जगली आणि काही आठवड्यांत त्यांना वर-खाली पुन्हा कळायला लागलं. साचे काढल्यावर जुना नमुनाही जसाच्या तसा तयार होता, म्हणजे नवीन शिकताना मेंदूने जुनं पुसलं नव्हतं.

मान हलवणं हा तिसरा मोठा आधार. आवाज समोर असेल आणि मान उजवीकडे वळवली तर तो डाव्या कानाला आधी पोचायला लागतो, मागे असेल तर उजव्या. हान्स वॉलाख या मानसशास्त्रज्ञाने 1940 साली प्रयोग करून दाखवलं की मेंदू मानेची हालचाल आणि कानांतला बदलता फरक एकत्र जुळवून पुढचं-मागचं ठरवतो. आपण कानोसा घेताना आपोआप मान थोडी फिरवतो ते याचसाठी. पण त्यासाठी आवाज थोडा वेळ टिकावा लागतो, एकदाच मारलेली छोटी हाक मान वळेपर्यंत संपलेली असते.

खोलीत आवाज भिंती, छत, फरशी सगळीकडून आपटून येतो तरी आपण गोंधळत नाही, कारण जो आवाज सगळ्यात आधी पोचला त्याचीच दिशा मेंदू धरतो आणि मागून काही मिलिसेकंदांत आलेल्या प्रतिध्वनींची दिशा सोडून देतो. बोलण्याच्या बाबतीत ही मुभा 30-40 मिलिसेकंदांपर्यंत ताणली जाते. एक कान गेला की ही सोयही लंगडी होते, म्हणून रिकाम्या, घुमणाऱ्या हॉलमध्ये तुम्हाला जास्त त्रास होत असणार.

अंतराचा अंदाज वेगळ्याच गोष्टींवरून येतो, जोर किती, थेट आवाज किती आणि घुमलेला किती, लांबून येताना बारीक फ्रिक्वेन्सी किती गळून गेल्या, आणि यात आपण सगळेच तसे कच्चे आहोत, लांबचा आवाज आहे त्यापेक्षा जवळ वाटतो.

आता तुमचा कान. एक कान कमी झाला की जोराचा फरक कायमचा चांगल्या कानाच्या बाजूने झुकतो, मेंदूला सतत उजवीकडूनच जास्त येतंय असं वाटतं म्हणून मान उजवीकडे वळते. वेळेचा हिशोब डाव्या कानातून नेमका आणि पुरेसा सिग्नल आला तरच होतो. राहतो उजव्या पाळीचा नमुना आणि मान फिरवणं, त्यावर माणसं बरंच निभावून नेतात, पण एकदम नाही. आणखी एक नुकसान होतं जे लोक दिशेशी जोडत नाहीत: गोंगाटात एका माणसाचं बोलणं वेगळं काढणं. आवाज वेगवेगळ्या जागांवरून येतायत हे कळलं की मेंदू नको ते मागे ढकलतो, ती जागाच कळेना झाली की सगळ्यांचं बोलणं एकात एक मिसळतं. चारजणांच्या गप्पांत तुम्ही दमून जात असाल तर त्याचं कारण हे आहे.

आणि नेहमीच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, यातलं काहीच दिसत नाही, कारण ती टेस्ट हेडफोन लावून एकेका कानाची वेगळी घेतात. रिपोर्टवर उजवा नॉर्मल लिहिलं म्हणजे दिशेचं काम नॉर्मल असं होत नाही. अर्धवर्तुळात स्पीकर लावून दिशेची टेस्ट घेता येते, सगळीकडे सोय नसते, पण विचारा.

उपचाराचं बोलायच्या आधी एक गोष्ट सगळ्यांसाठी, ठळक अक्षरात आहे असं समजून वाचा. एका कानाचं ऐकणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झालं तर ती इमर्जन्सी आहे. कानात दडा बसलाय, सर्दीने झालं असेल, बघू आठवडाभर, असं करू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईएनटी डॉक्टरांना दाखवा. आतल्या कानाचं असेल तर स्टेरॉइड देतात आणि ती जितकी लवकर, पहिल्या काही दिवसांत, सुरू होतील तितकी कान परत येण्याची शक्यता जास्त, दोन आठवडे उलटले की फायदा घटत जातो. तुमचं वर्षभरापासून आहे आणि एकाच बाजूचं आहे, त्यामुळे कारण शोधल्याशिवाय थेट मशीन घेऊ नका. कधी कधी नुसता मळ असतो किंवा कानाच्या पडद्यामागे पाणी, ते निघाल्यावर दिशा आपोआप परत येते. आणि क्वचित कानाच्या नसेवर साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते, म्हणून एका बाजूचाच कान आतून कमी झाला असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, तो टाळू नका.

मशीनने दिशा परत येईल का, हे डाव्या कानात किती शिल्लक आहे त्यावर आहे. कामापुरतं ऐकणं उरलेलं असेल तर त्या कानाला हिअरिंग एड लावून फरक पडतो, माझा कल तर लवकर लावण्याकडे आहे, कारण दोन कानांची तुलना करायची सवय मेंदूने जितकी कमी सोडलेली असेल तितकं बरं. कानामागे बसणाऱ्या मशीनचा माइक पाळीच्या वर असतो, म्हणजे पाळीचा नमुना त्याला मिळतच नाही, पुढचं-मागचं गोंधळू शकतं. कानाच्या आत बसणाऱ्या मशीनमध्ये हा नमुना बराचसा टिकतो, तुमच्या लॉसला ते चालणार असेल तर त्याचा विचार जरूर करा. डिजिटल प्रोसेसिंगला काही मिलिसेकंद लागतात, डोक्याचा उशीर एक मिलिसेकंदाच्याही आत असतो हे लक्षात घेतलं तर पहिल्या दिवशी सगळं विचित्र का वाटतं ते कळेल. पण हा उशीर ठरावीक असतो, बदलत नाही, म्हणून मेंदूला त्याच्याशी जुळवून घ्यायला वाव असतो.

डाव्या कानात काहीच उरलं नसेल तर क्रॉस नावाचा प्रकार असतो, डाव्या बाजूचा माइक आवाज उचलून वायरलेसने उजव्या कानात टाकतो. डावीकडे बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येतं, गाडीत, मीटिंगमध्ये याचा खूप उपयोग होतो, पण दिशा परत येत नाही, कारण ऐकणारा कान शेवटी एकच आहे. हाडातून आवाज पोचवणाऱ्या मशीनचंही असंच. हे विकणाऱ्याने आधी स्पष्ट सांगायला हवं आणि बऱ्याचदा सांगितलं जात नाही याचा मला राग येतो. एका कानाच्या पूर्ण बहिरेपणात दिशा बऱ्यापैकी परत देऊ शकणारा सध्याचा मार्ग म्हणजे त्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवलेलं, कानाच्या नसेला थेट विजेचे सिग्नल देणारं यंत्र, अमेरिकेत त्याला यासाठी 2019 साली मंजुरी मिळाली. त्यातून येणारी दिशा मुख्यतः जोराच्या फरकावर असते, वेळेचा बारीक हिशोब जमत नाही, आणि कित्येक महिने सराव लागतो. ऑपरेशन आहे, खर्चिक आहे, प्रत्येकाला बसत नाही.

तोपर्यंत रोजच्यासाठी: फोनची रिंगटोन बदला, एकसुरी बीप नको, ज्यात माणसाचा आवाज किंवा ताल-वाद्यांचा खुळखुळाट आहे अशी लांब ठेवा, आणि शोधताना एका जागी उभं राहून मान सावकाश पूर्ण फिरवा, चांगल्या कानाला आवाज सगळ्यात स्पष्ट कधी लागतो ते बघा आणि त्या बाजूने चालू लागा. घरच्यांना सांगा की नुसतं नाव नका घेऊ, "मी गॅलरीत आहे" असं जागेसकट बोला. टेबलावर बसताना डावा कान भिंतीकडे आणि माणसं उजवीकडे. रस्ता ओलांडताना कानावर अजिबात भरवसा ठेवायचा नाही, दोन्हीकडे बघायचं आणि परत एकदा बघायचं, इअरफोन घालून चालणं बंद.

मशीन घेतलंत तर पहिल्या आठवड्यात त्यावर निकाल देऊ नका. जागे असाल तेवढा वेळ घाला, रोज थोडा वेळ तो किल्ल्यांचा खेळ खेळा आणि दर वेळी डोळे उघडून खरी जागा बघा, कारण मेंदू शिकतो ते कान आणि डोळे जुळवून, नुसतं ऐकून शिकायला फार वेळ लागतो. महिना-दीड महिन्याने परत सेटिंगसाठी जा आणि तेव्हा "आवाज मोठा हवा की लहान" एवढंच न बोलता दिशेबद्दल मुद्दाम सांगा, कुठल्या बाजूचं चुकतं, घरात जास्त की बाहेर, जाड आवाजांना की बारीक. सेटिंग करणाऱ्याला त्यावरूनच कळतं की कुठल्या फ्रिक्वेन्सीत दोन कानांचा तोल साधायचा राहिलाय.